बारा मैलांच्या अलीकडे आणि पलीकडे : रत्नागिरीच्या किनाऱ्यावरून सागरी धोरणांचा आढावा

हर्णैच्या समोर भर पाण्यात उभ्या असलेल्या सुवर्णदुर्गापासून दक्षिणेस विजयदुर्गापर्यंत जेव्हा आंग्र्यांच्या आरमाराचा अंमल चालत असे, तेव्हा या किनाऱ्याने जाणाऱ्या व्यापारी गलबतास कान्होजींचे दस्तक जवळ बाळगावे लागे, आणि ते नसल्यास गलबत व माल दोन्ही जप्त होत. इंग्रज कंपनीची आणि आंग्र्यांची जी अदावत पुढे वर्षानुवर्षे चालली, तिच्या मुळाशी या पाण्यावर दस्तक देण्याचा हक्क कोणाचा हाच कज्जा होता. कान्होजी 1729 मध्ये निवर्तले आणि त्यांच्या वंशजांचे आरमार 1756 मध्ये विजयदुर्गाखाली जळाले, तेही पेशव्यांच्या संमतीने. एका मुलखाच्या दोन सत्तांचा समुद्राविषयी एकविचार नसला म्हणजे काय होते, याचा हा धडा आपल्या इतिहासात आहे. पण इतिहासातील धडे शाळेच्या पुस्तकापलीकडे सहसा जात नाहीत.

आज रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातून बाहेर पडणाऱ्या यांत्रिक नौकेच्या तांडेलापाशी कोणकोणते कागद असावे लागतात, याची यादी केली तर कान्होजींचे एक दस्तक फार सुटसुटीत होते असे वाटू लागते. नौकेची नोंदणी निराळी, मासेमारीचा परवाना निराळा, विम्याचा कागद निराळा, खलाशांची ओळखपत्रे निराळी (आणि रत्नागिरीच्या नौकांवरचे पुष्कळसे खलाशी नेपाळातून आलेले असल्यामुळे तोही एक स्वतंत्र मामला), डिझेलच्या कोट्याची नोंद निराळी. या प्रत्येक कागदामागे एक खाते आहे आणि प्रत्येक खात्यामागे एक धोरण. राज्याचे मत्स्यव्यवसाय खाते, महाराष्ट्र सागरी मंडळ, महसूल खाते, वनखात्याचा कांदळवन कक्ष, प्रदूषण नियंत्रण मंडळ, औद्योगिक विकास महामंडळ, पर्यटन खाते हे मुंबईकडून. आणि मत्स्यव्यवसाय, बंदरे, पर्यावरण, भूविज्ञान, वाणिज्य, पेट्रोलियम ही मंत्रालये, शिवाय तटरक्षक दल व सीमाशुल्क, हे दिल्लीकडून. रत्नागिरी जिल्ह्याचा किनारा परंपरेने 167 किलोमीटर मानला जातो. एवढ्या पट्टीवर इतक्या धन्यांची सत्ता एकाच वेळी चालते, आणि धनी पुष्कळ असले की राखण कोणीच करीत नाही, हा अनुभव कोकणातल्या सामाईक बागांच्या मालकांना नव्याने सांगण्याचे कारण नाही.

प्रश्नाचे मूळ घटनेच्या सातव्या अनुसूचीत आहे. राज्यसूचीतील एकविसावी नोंद मत्स्यव्यवसाय राज्याकडे सोपवते. संघसूचीतील सत्तावन्नावी नोंद प्रादेशिक समुद्रापलीकडील मासेमारी केंद्राकडे ठेवते. आणि 1976 च्या सागरी क्षेत्रविषयक अधिनियमाने हा प्रादेशिक समुद्र किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांचा, म्हणजे सुमारे 22 किलोमीटरांचा, तर अनन्य आर्थिक क्षेत्र दोनशे सागरी मैलांचे ठरवले. कागदावर ही वाटणी निर्दोष आहे. ती करणाऱ्यांच्या नजरेसमोर जमिनीवरची हद्द होती, जिच्या अलीकडचे झाड अलीकडच्याचे आणि पलीकडचे पलीकडच्याचे असते. बांगड्याचा थवा बाराव्या मैलावर थांबून कोणत्या सूचीत जावे याचा विचार करीत नाही, आणि त्याच्या मागे लागलेली नौकाही करीत नाही. शिवाय राज्याची हद्द संपल्यावर केंद्राची हद्द सुरू होते हे खरे असले, तरी केंद्राच्या पाण्यात धरलेली मासळी उतरवायची ती राज्याच्याच जेटीवर, आणि तिथे जाण्या-येण्याचा रस्ता राज्याच्याच पाण्यातून, ही गोष्ट त्या दोन नोंदींत कोठेच आलेली नाही. पुढील सगळ्या तंट्यांचे बीज या विसरलेल्या रस्त्यात आहे, असे आमचे मत आहे.

राज्यांनी आपापल्या पाण्यासाठी कायदे केले ते सहजासहजी केले नाहीत. सत्तरच्या दशकात ट्रॉलर आणि पर्ससीन जाळी पश्चिम किनाऱ्यावर आली, तेव्हा गोव्यातील रांपणकारांनी, म्हणजे किनाऱ्यावरून रांपण ओढणाऱ्या पारंपरिक मच्छीमारांनी, माथानी साल्ढाणा यांच्या नेतृत्वाखाली मोठे आंदोलन उभारले. केंद्राने मजुमदार समिती नेमून राज्यांसाठी एक नमुना मसुदा तयार केला. त्याआधारे केरळ व गोवा यांनी 1980 मध्ये आणि महाराष्ट्राने 1981 मध्ये सागरी मासेमारी नियमन अधिनियम केला. मसुदा एक असूनही मापे मात्र एक झाली नाहीत. गोव्याने यांत्रिक नौकांना किनाऱ्यापासून पाच किलोमीटरांची बंदी घातली, गुजरातने सागरी मैल मोजले, तर महाराष्ट्राने पाण्याची खोली धरली आणि वावांत हद्दी आखल्या. यात महाराष्ट्राचे काही चुकले असे म्हणता येत नाही, कारण आपला समुद्रतळ उत्तरेस उथळ व दूरवर पसरलेला आणि दक्षिणेस लवकर खोल होणारा आहे, म्हणून खोलीचे माप मासळीच्या स्वभावाला अधिक जवळचे. आमचे जुने तांडेल ओळंबा सोडून वावच मोजत आले आहेत. पण बंदोबस्ताला निघालेल्या गस्तीनौकेवरील अधिकाऱ्याला खोली सिद्ध करणे अंतर सिद्ध करण्यापेक्षा अवघड जाते, आणि कर्नाटकातील मलपीहून आलेला वेगवान ट्रॉलर पकडला गेल्यावर त्याचा वकील पहिला प्रश्न नेमका तोच विचारतो.

रत्नागिरीच्या समुद्रावरील सर्वांत मोठा कज्जा पर्ससीनचा आहे, आणि धोरणांचा मेळ बसत नाही म्हणजे काय होते हे समजून घेण्यास त्याच्याइतके चांगले उदाहरण दुसरे नाही. पर्ससीन जाळे थव्याभोवती वर्तुळाकार सोडतात आणि खालच्या दोरीने त्याचे तोंड बटव्यासारखे आवळतात. तारली, बांगडा, गेदर यांचा अवघा थवा एका ओढीत नौकेवर येतो. मिरकरवाड्याच्या जेटीवर हंगामात पहाटे अशी नौका लागली की क्रेट उतरवणाऱ्यांची रांग, बर्फाच्या गाड्या, लिलावाची बोली आणि गोवा-कर्नाटकाकडे निघणारे ट्रक यांनी पाय ठेवायला जागा उरत नाही. बंदराचे अर्थकारण या नौकांवर उभे आहे हे डोळ्यांनी दिसते. त्याच सकाळी साखरतरच्या खाडीतून किंवा काळबादेवी-कासारवेलीच्या किनाऱ्यावरून गिलनेट घेऊन गेलेला छोटा होडीवाला अर्धी टोपली घेऊन परत येतो, तेही डोळ्यांनी दिसते. दोघेही मच्छीमार, पुष्कळदा एकाच मोहल्ल्यातले किंवा एकाच वाडीतले, दालदी असोत वा खारवी. म्हणून हा बाहेरच्यांशी असलेला तंटा नव्हे, घरातला आहे, आणि घरातला असल्यामुळेच अधिक कडू आहे.

हा तंटा सोडवण्यासाठी राज्य सरकारने भारतीय मत्स्य सर्वेक्षणाचे माजी महासंचालक डॉ. व्ही. एस. सोमवंशी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, आणि तिच्या शिफारशींवरून 5 फेब्रुवारी 2016 रोजी आदेश काढला. पर्ससीनला परवानगी 1 सप्टेंबर ते 31 डिसेंबर एवढीच. उत्तरेकडे झाईपासून मुरुडपर्यंत पूर्ण मनाई. परवान्यांची संख्या टप्प्याटप्प्याने घटवीत 182 वर आणावयाची. जाळ्याची लांबी व आसाचे, म्हणजे जाळ्याच्या छिद्राचे, माप यांवर मर्यादा. आदेश विचारपूर्वक काढलेला होता, आणि संख्या घटवण्याची गोष्ट स्पष्ट आकड्यात बोलण्याचे धैर्य आपल्याकडे क्वचितच दाखवले जाते, ते त्यात होते. पण आदेशाची मुदत 31 डिसेंबरला संपते आणि सत्ता बाराव्या मैलावर. पर्ससीनवाल्यांनी म्हटले की जानेवारीपासून मेपर्यंत आम्ही बारा मैलांच्या पलीकडे जाऊ, तेथे राज्याचा आदेश चालत नाही. राज्याने म्हटले की जा, पण परवान्याची मुदत संपलेली असल्यामुळे येताना आमच्या पाण्यातून ते जाळे आणता येणार नाही आणि आमच्या बंदरात मासळी उतरवता येणार नाही. पर्ससीनवाले उपोषणाला बसले, पारंपरिक मच्छीमारही आंदोलनाला उतरले. एकाचे समाधान केले की दुसऱ्याचा तंबू उभा राही. तमिळनाडूच्या अशाच वादात सर्वोच्च न्यायालयाने 24 जानेवारी 2023 रोजी अंतरिम आदेश दिला तो असा : बारा मैलांच्या पलीकडे पर्ससीनला परवानगी, परंतु आठवड्यातून दोनच दिवस, सोमवारी आणि गुरुवारी, आणि सकाळी आठ ते सायंकाळी सहा या वेळात परत येऊन. न्यायालयाला वार आणि तास ठरवून द्यावे लागतात याचाच अर्थ, ज्यांनी ते ठरवायचे त्या दोन सरकारांनी ते ठरवलेले नव्हते.

प्रखर दिव्यांच्या मासेमारीत हेच अधिक उघडे पडते. नौकेवर जनित्र बसवून रात्री पाण्यावर एलईडीचा झोत टाकला की माकूळ आणि इतर मासळी उजेडाकडे धाव घेते. केंद्राने 10 नोव्हेंबर 2017 च्या आदेशाने अनन्य आर्थिक क्षेत्रात या पद्धतीला आणि जोडनौकांनी ओढण्याच्या जाळ्याला बंदी घातली. महाराष्ट्राचीही बंदी होतीच. म्हणजे या एका बाबतीत दोन्ही सरकारांचा शब्दाने पूर्ण मेळ आहे, आणि तरीही कित्येक वर्षे राजिवडा-मिरकरवाड्याच्या समोर क्षितिजावर रात्री दिव्यांची रांग दिसत राहिली. कारण शब्दांच्या मेळाने समुद्रावर काही घडत नाही. गस्त कोणी घालायची, डिझेल कोणाच्या खर्चाने, आणि पकडल्यावर खटला कोणापुढे, यांचाही मेळ लागतो. 1981 च्या मूळ कायद्यात खटला तहसीलदारापुढे चाले आणि दंड पकडलेल्या मासळीच्या किमतीच्या पाचपटीपर्यंत. मासळी नाशवंत, तिचा लिलाव जेटीवर ताबडतोब करावा लागे, आणि रिकाम्या नौकेवर मासळीच दाखवली नाही तर दंडाचा हिशेबच लागत नसे. पूर, पंचनामे, निवडणुका यांतून सवड काढून तहसीलदाराने आस मोजण्याचे गणित शिकावे ही अपेक्षाच अवाजवी होती. 2021 च्या दुरुस्तीने हे अधिकार मत्स्यव्यवसाय खात्याच्या अधिकाऱ्यांकडे आले आणि दंड लाखांच्या घरात गेले. 2025 च्या आरंभी किनाऱ्यावर ड्रोनची टेहळणीही सुरू झाली. कायद्यातील मोठमोठ्या कलमांपेक्षा ही साधी दुरुस्ती, म्हणजे खटला ज्याला विषय समजतो त्याच्याकडे नेणे, आम्हांस अधिक मोलाची वाटते.

पावसाळी बंदीची कथा थोडी निराळी आहे. पूर्वी महाराष्ट्रात बंदी 10 जूनपासून नारळी पौर्णिमेपर्यंत किंवा 15 ऑगस्टपर्यंत, जे आधी येईल तोवर असे. 2015 पासून केंद्राने पश्चिम किनाऱ्यासाठी 1 जून ते 31 जुलै अशी एकसष्ट दिवसांची एकच मुदत सुचवली आणि महाराष्ट्राने ती स्वीकारली. हेतू उत्तम होता : एका राज्याची बंदी चालू असताना शेजारच्या राज्याच्या नौकांनी येऊन मासळी नेऊ नये. परंतु केरळने आपली ट्रॉलर-बंदी बावन्न दिवसांची ठेवली, गुजरातने अलीकडे आपली मुदत 15 ऑगस्टपर्यंत लांबवली, आणि कोकणात ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात समुद्र अजून खवळलेलाच असतो, तेव्हा मोठ्या इंजिनाची नौका निघते आणि लहान होडीवाला पौर्णिमेची वाट पाहत बसतो. 2023 साली अधिक श्रावण आल्यामुळे नारळी पौर्णिमा 30 ऑगस्टला पडली. कायदा आणि पंचांग यांच्यात त्या वर्षी पूर्ण एक महिन्याचे अंतर होते. नारळ वाहून समुद्र शांत करण्याच्या श्रद्धेमागे वाऱ्यापाण्याचे पिढ्यांचे निरीक्षण आहे, आणि आमच्या मते गुजरातने पंधरा ऑगस्ट धरला तो अधिक शहाणपणाचा आहे. पण महाराष्ट्राने एकट्याने तसे केले तर मधले पंधरा दिवस दक्षिणेकडच्या नौकांना आंदण दिल्यासारखे होतील. येथे मात्र एकच नियम सर्वांना लागू असणे अपरिहार्य आहे.

यावरून एक भेद स्पष्ट व्हावा. राष्ट्रीय आणि प्रादेशिक धोरणांचा मेळ म्हणजे सर्वत्र एकच नियम, असा जो समज दिल्लीच्या मसुद्यांत आढळतो, तो अर्धाच खरा आहे. जे फिरते, म्हणजे बांगडा, तारली, सुरमई, कासव, नौका, जाळे आणि दिवा, त्याच्यासाठी झाईपासून कन्याकुमारीपर्यंत एक मुदत, एक माप आणि एक दंड हवा, कारण तेथे प्रत्येक सवलत ही शेजाऱ्याच्या पदरचे नुकसान असते. जे जागेवर राहते, म्हणजे खाडी, खाजण, कांदळवन, कालवांचे खडक, तिसऱ्यांची पुळण, कासवाची अंडी, त्याच्यासाठी मात्र नियम करण्याची मुखत्यारी त्या त्या गावाकडे व खाडीकडे असली पाहिजे, कारण तेथील वहिवाट मंत्रालयाला ठाऊक नसते आणि ठाऊक करून घेणेही शक्य नसते. आपले दुर्दैव असे की आपण नेमके उलटे केले आहे : फिरत्या गोष्टींना राज्याराज्यांचे वेगळे नियम, आणि स्थिर गोष्टींवर मुंबई-दिल्लीचे हुकूम.

मासळीचा किमान आकार हे पहिल्या प्रकारचे ताजे उदाहरण. महाराष्ट्राने 2023 मध्ये चोपन्न जातींच्या मासळीचे किमान कायदेशीर आकार ठरवले आणि त्याच वर्षी पापलेटला राज्यमासा म्हणून मान दिला. केरळने असे आकार 2015 पासूनच ठरवायला आरंभ केला होता. नियम योग्य, पण ज्या ट्रॉलरच्या जाळ्यात लहान पापलेट सापडते तो दुसऱ्या राज्याच्या बंदरात उतरला तर महाराष्ट्राची मोजपट्टी तेथे चालत नाही, आणि मिरकरवाड्याच्या लिलावात मोजपट्टी घेऊन उभा राहील असा माणूस रोज असतोच असे नाही.

पैशाचा प्रवाह पाहिला तर विसंगती अधिकच दिसते. एक खाते सांगते की नौका जास्त झाल्या आहेत, परवाने घटवा. तेच खाते सहकारी संस्थांमार्फत डिझेलवरील कराचा परतावा देते. राष्ट्रीय सहकार विकास निगमाच्या कर्जातून यांत्रिक नौका बांधल्या गेल्या. 2020 साली 20,050 कोटींची प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजना आली आणि तिच्यात खोल समुद्रातील नौकांना साहाय्य. हैदराबादची सागरी माहिती संस्था उपग्रहावरून पाहून मासळी कोठे सापडण्याचा संभव आहे ते रोज कळवते. प्रत्येक गोष्ट स्वतःपुरती उपकारक आहे. डिझेलचा परतावा थकला की मिरकरवाड्यातील नौकाच हलत नाहीत, हे आम्ही जाणतो, आणि मच्छीमाराला बाजारभावाच्या डिझेलवर सोडावे असे सुचवण्याचा आमचा मुळीच हेतू नाही. पण परतावा परवान्याच्या अटींशी बांधलेला नसेल, तर नियमन करणारा हात आणि साहाय्य करणारा हात एकमेकांविरुद्ध ओढ काढतात. जागतिक व्यापार संघटनेने जून 2022 मध्ये मत्स्यव्यवसायातील अनुदानांविषयी करार केला, आणि भारताने विकसनशील देशांसाठी पंचवीस वर्षांची सवलत मागितली. ती मागणी लहान मच्छीमारासाठी न्याय्य असली, तरी अनुदान लहानाकडे किती जाते आणि मोठ्याकडे किती, याची मांडणी घरात करून ठेवली तरच बाहेर ती टिकेल.

आता खाडीकडे वळू, कारण सागरी अर्थव्यवस्थेच्या मसुद्यांत तिचे नाव क्वचितच येते आणि जिल्ह्याचे निम्मे जीवन तिच्यावर आहे. भाट्याच्या खाडीत ओहोटी लागली की राजिवडा, कर्ला इकडच्या बायका कमरेपर्यंतच्या पाण्यात उतरतात, पायाने पुळण चाचपून तिसऱ्या आणि मुळे काढतात. खडकांवरची कालवे लोखंडी टोकदार हत्याराने फोडून मांस तेथल्या तेथे डब्यात टाकतात, आणि भरती चढायच्या आत घरी परततात. या कामाला परवाना नाही, नोंद नाही, संस्था नाही, म्हणून नुकसानभरपाईचा प्रश्न निघाला की त्या मच्छीमार ठरत नाहीत. 2009 च्या फयान वादळानंतर किंवा 2020 च्या निसर्ग वादळानंतर जे पंचनामे झाले, त्यांत नौका आणि जाळी मोजण्याची तरतूद होती, पण जिच्याकडे नौकाच नाही तिचे काय मोजायचे? या खाडीच्या तळावर सत्ता चालते ती वाळूची : गट पाडण्यासाठी सर्वेक्षण सागरी मंडळाचे, लिलाव महसूल खात्याचा, आणि वाळू हातपाटीने काढली की सक्शन पंपाने, यावर वाद पोलिसांकडे. पंप तळ उपसतो तेव्हा त्याबरोबर तिसऱ्यांचे बीजही जाते. ते कोणत्याही खात्याच्या जमाखर्चात नाही.

उत्तरेस दाभोळच्या खाडीची कैफियत याहून जुनी आहे. खेड तालुक्यातील लोटे-परशुराम औद्योगिक वसाहतीत रासायनिक कारखाने उभे राहिले, तेव्हापासून वाशिष्ठीच्या काठचे भोई व इतर मच्छीमार मेलेली मासळी घेऊन कचेऱ्यांच्या पायऱ्या चढत आले आहेत. मत्स्यव्यवसाय खाते म्हणते की सांडपाणी आमच्या कक्षेत नाही. प्रदूषण नियंत्रण मंडळ नमुना नेते, आणि पाणी भरती-ओहोटीचे असल्यामुळे नमुना घेईपर्यंत ते स्वच्छ झालेले असते. औद्योगिक महामंडळ सामाईक शुद्धीकरण केंद्राकडे बोट दाखवते. तिन्ही उत्तरे आपापल्या दप्तरात खरी आहेत.

खाडी गावाच्या हाती देण्याची गोष्ट आम्ही केली ती हवेत केलेली नाही. केरळातील अष्टमुडी सरोवरात तिसऱ्यांच्याच जातकुळीच्या शिंपल्यांची उपज घटू लागली, तेव्हा तेथील मच्छीमारांनी सरकार व केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांबरोबर बसून डिसेंबर ते फेब्रुवारी हा प्रजननाचा काळ बंद ठेवला, जाळ्याच्या आसाचे माप ठरवले, आणि 2014 मध्ये त्या व्यवसायाला भारतातील पहिले आंतरराष्ट्रीय शाश्वतता-प्रमाणपत्र मिळाले. जपानमध्ये 1949 च्या कायद्याने शिंपले आणि समुद्रशेवाळ यांचा हक्क गावच्या मच्छीमार सहकारी संस्थांकडे दिला आहे. रत्नागिरीत तर या कामासाठी घरचे शास्त्र हाताशी आहे : 1958 पासूनचे सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्र, जेथे शाळेच्या सहलीत प्रत्येक मूल देवमाशाचा सांगाडा पाहून येते, आणि 1981 पासूनचे शिरगावचे मत्स्य महाविद्यालय. एवढे ज्ञान भाट्याच्या पुलापासून हाकेच्या अंतरावर असताना खाडीतील तिसऱ्यांसाठी एकही बंद काळ ठरलेला नसावा, याचे आश्चर्य वाटते.

मोठ्या प्रकल्पांविषयी या जिल्ह्यात इतके लिहिले गेले आहे की पुनरुक्तीचा कंटाळा येतो. दाभोळचे एन्रॉन, जयगडचे औष्णिक वीजकेंद्र व बंदर, नाणारचा आणि मग बारसूचा तेलशुद्धीकरण प्रकल्प, आणि माडबनला योजलेले 9,900 मेगावॅटचे अणुवीजकेंद्र. शेवटच्या प्रकल्पात साखरी नाट्याच्या मच्छीमारांनी विचारलेला प्रश्न सरळ होता : सहा अणुभट्ट्या थंड करून समुद्रात सोडलेल्या कोमट पाण्याने आमची मासळी राहील की जाईल, आणि सुरक्षेच्या नावाखाली आमची जायची वाट बंद होईल का? उत्तर देणारी खाती ऊर्जा, पर्यावरण आणि अणुशक्ती यांची होती. मत्स्यव्यवसाय खाते त्या चर्चेत पाहुण्यासारखे होते. सागरमाला योजना 2015 मध्ये आली तिलाही बंदरे दिसतात, बंदराबाहेरची जाळी टाकण्याची जागा दिसत नाही. सागरी क्षेत्राचे स्थलनियोजन, म्हणजे समुद्राचाही विकास-आराखडा आखणे, यासाठी भारताने नॉर्वेशी 2019 मध्ये करार करून पुद्दुचेरी व लक्षद्वीप येथे आरंभ केला. कोकणाची पाळी केव्हा येईल ते पाहायचे.

येथे एका जहाजाचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. 3 जून 2020 रोजी निसर्ग वादळात भरकटलेले ‘बसरा स्टार’ नावाचे जहाज मिऱ्याच्या किनाऱ्यावर येऊन रुतले. खलाशी सुखरूप उतरले, जहाज उतरले नाही. लाटांबरोबर ते धूपप्रतिबंधक बंधाऱ्यावर आदळत राहिले, आणि सीमाशुल्क, सागरी मंडळ, नौकानयन व विमा यांच्या चौकटीत ते कोणी कसे हलवायचे याचा जाबसाल चालू असता मिऱ्यावासीयांनी त्याच्या छायेत एकामागून एक पावसाळे काढले. नवख्याला रत्नागिरीच्या सागरी प्रशासनाची ओळख करून देण्यासाठी त्या काळात मिऱ्याची एक फेरी पुरेशी होती.

सगळेच चित्र असे आहे असे मानू नये. मंडणगड तालुक्यातील वेळासला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने 2002 च्या सुमारास कासवांची अंडी राखण्यास आरंभ केला. ज्या अंड्यांची चोरी होई ती गावकरीच कुंपणात पुरून ठेवू लागले. पुढे कांदळवन कक्षाने ते काम आंजर्ले, गुहागर असे किनाराभर नेले, आणि कासव महोत्सवाच्या निमित्ताने गावात पाहुणे येऊ लागले. याला जोडून डिसेंबर 2018 मध्ये राज्याने एक छोटी योजना काढली : जाळ्यात कासव, बहिरी मोरी, डॉल्फिन असा संरक्षित जीव सापडला आणि मच्छीमाराने जाळे कापून त्याला सोडले, तर जाळ्याच्या नुकसानीपोटी 25,000 रुपयांपर्यंत भरपाई. रक्कम मोठी नाही. पण वनखाते आणि मत्स्यव्यवसाय खाते यांनी मिळून ती दिली, छायाचित्र एवढाच पुरावा मागितला, आणि जो माणूस काल गुन्हेगार ठरला असता तो आज राखणदार ठरला. धोरणांचा मेळ या शब्दाने आम्हांस जे अभिप्रेत आहे ते एवढेच आहे.

आणि कासव हे या मेळाचे मोठेच परीक्षक आहे. मार्च 2021 मध्ये ओडिशात गहिरमाथा येथे बिल्ला लावलेली एक ऑलिव्ह रिडले मादी जानेवारी 2025 च्या अखेरीस गुहागरच्या पुळणीत अंडी घालताना सापडली. बंगालच्या उपसागरातून इकडे येताना तिने किती राज्यांचे मासेमारी कायदे ओलांडले याची गणती करण्यासारखी आहे. वाटेत तिला ट्रॉलरची जाळी लागतात, आणि त्या जाळ्यांत कासवाला निसटण्याची खिडकी बसवण्याची सक्ती नीट अमलात न आल्याने अमेरिकेने 2019 पासून भारतातील समुद्री कोळंबीची आयात थांबवली. वेळासच्या गावकऱ्याने रात्र जागून राखलेल्या अंड्याचा आणि कोळंबीच्या भावाचा असा संबंध आहे. मात्र अंडी वनखात्याकडे, ट्रॉलर राज्याच्या मत्स्यव्यवसाय खात्याकडे आणि निर्यात केंद्राच्या वाणिज्य मंत्रालयाकडे आहे.

राष्ट्रीय पातळीवर हालचाल झाली नाही असे नाही. 2017 चे सागरी मत्स्यधोरण, 2019 मध्ये मत्स्यव्यवसाय, पशुसंवर्धन व दुग्धव्यवसाय यांचे स्वतंत्र मंत्रालय, पंतप्रधानांच्या आर्थिक सल्लागार परिषदेने सात कार्यगटांच्या साहाय्याने सिद्ध केलेला आणि भूविज्ञान मंत्रालयाने फेब्रुवारी 2021 मध्ये मतांसाठी मांडलेला नील अर्थव्यवस्थेचा मसुदा. मसुदा वाचनीय आहे. त्यात समुद्राच्या संपत्तीचे स्वतंत्र हिशेब ठेवण्याची सूचना विशेष महत्त्वाची आहे. पण त्यात खोल समुद्रातील खनिजे, बंदरे आणि सामरिक सुरक्षा यांना जी प्रशस्त जागा मिळाली तिच्या मानाने किनाऱ्यावरचा माणूस कोपऱ्यात बसला आहे. नोव्हेंबर 2025 मध्ये केंद्राने अनन्य आर्थिक क्षेत्रातील मत्स्यसंपत्तीविषयी नियम जारी केले, ते अधिक कामाचे : बारा मैलांपलीकडे जाणाऱ्या यांत्रिक आणि मोठ्या नौकांना प्रवेश-परवाना, लहान पारंपरिक नौकांना त्यातून सूट, सहकारी संस्थांना प्राधान्य, एलईडी आणि जोडजाळ्यांना मनाई, परकीय नौकांना मज्जाव. म्हणजे तीनशे वर्षांनी पलीकडच्या पाण्याचे दस्तक पुन्हा सुरू झाले. आता प्रश्न इतकाच, की दिल्लीने दिलेला हा प्रवेश-परवाना आणि मुंबईने 2016 मध्ये घालून दिलेली 31 डिसेंबरची मुदत यांपैकी फेब्रुवारीतल्या एखाद्या सकाळी मिरकरवाड्याच्या जेटीवरील अधिकाऱ्याने कोणता कागद खरा मानायचा. या जोडणीवर लिखित हुकूम निघेपर्यंत नवे नियम जुन्याच कज्ज्यात भर घालतील.

तो हुकूम काढण्यासाठी नवी समिती नेमण्याचे कारण नाही. 1981 च्या अधिनियमातच सल्लागार समितीची तरतूद आहे. तिच्याशी विचारविनिमय करून सरकारने नियमन करावे असा कायद्याचा शब्द आहे. व्यवहारात तिचे काम आंदोलन पेटले की चहापाण्यापुरते होते. तिला केवळ सल्ल्याऐवजी तीन कामे नेमून द्यावीत असे आम्हांस वाटते. जिल्ह्यातील प्रत्येक बंदरावर कोणत्या जाळ्याने किती मासळी उतरली याचा मासिक तक्ता प्रसिद्ध करणे, कारण आज पर्ससीनवाला आणि होडीवाला दोघेही आपापला आकडा सांगतात आणि तिसरा आकडाच नसतो. डिझेल-परताव्याची यादी परवान्याच्या अटी पाळल्या की नाही हे पाहून मंजूर करणे. आणि भाट्ये, दाभोळ, जयगड, जैतापूर या चार खाड्यांपुरते वाळू, सांडपाणी आणि शिंपले यांविषयी महसूल, प्रदूषण मंडळ व सागरी मंडळ यांच्या अधिकाऱ्यांना एका मेजाशी बसवून निर्णय घेणे. त्या मेजाशी खाडीत उतरणाऱ्या बायकांपैकी दोघींची नावे सदस्य म्हणून अधिसूचनेत घालण्यास कोणत्याही कायद्याची दुरुस्ती लागणार नाही.